पाळकसाहेब निवृत्त होताना: लहान गावातल्या मंडळीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर, सोलापूर, सातारा, जालना या बाजूंच्या तालुक्याच्या गावांत चाळीस-पन्नास घरांची ख्रिस्ती मंडळी आणि वीस-पंचवीस वर्षे तिथेच असलेले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हे चित्र अजून दिसते. अशा मंडळीत कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असते: "पाळकसाहेबांना विचारा." आजोबांची कबर कुठली, शेजारच्या प्लॉटचा वाद कशावर मिटला, कुणाच्या घरी कोण कुणाशी बोलत नाही, सगळे त्यांना ठाऊक. हे भाग्यच आहे. पण पाळकसाहेब निघाले की हे सगळे त्यांच्याबरोबर निघते, आणि मंडळीच्या हाती कुलपाच्या चार किल्ल्या उरतात. त्यातली एक कशाची, तेही माहीत नसते. पुढची उत्तरे पंच (मंडळीचा कारभार पाहणारे), सेक्रेटरी, खजिनदार आणि खुद्द पाळक यांच्यासाठी आहेत.

काही पाळक एकाच गावात इतकी वर्षे कसे राहतात? आमच्याकडे तर दर पाच वर्षांनी बदली होते.

ते पंथावर अवलंबून आहे. बदली करणाऱ्या पंथांत बिशप किंवा वार्षिक परिषद नेमणूक ठरवते. कॉंग्रिगेशनल पद्धतीत मंडळी स्वतः पाळकाला बोलावते आणि त्याला ठेवायचे की नाही तेही तीच ठरवते. अमेरिकन मराठी मिशन या दुसऱ्या पद्धतीचे होते. त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि अनेक जुन्या मंडळ्या बिशपच्या अधिकाराखाली आल्या. तरी "आमचे पाळक आम्ही ठरवू" हा जुना स्वभाव गेलेला नाही. स्वतंत्र मंडळ्यांत स्थापना करणारे पाळकच बहुधा शेवटपर्यंत राहतात. आडगावांत तर साधे कारण असते: बदलीवर यायला दुसरे कुणी तयार नसते.

तयारी कधी सुरू करावी?

एक वर्ष आधी. निरोपाची तारीख ठरल्यावर नव्हे. वर्ष यासाठी की मंडळीचे प्रत्येक काम वर्षातून एकदा येतेच: उपवासकाळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा सण (ईस्टर), हंगामाचा सण, नाताळ, ३१ मार्चचा हिशेब. प्रत्येक वेळी पाळक काय काय करतात ते दुसऱ्या माणसाने शेजारी उभे राहून लिहून घ्यायचे. आठवड्यातला एक ठरावीक तास, दोनशे पानी वही आणि तिशीतला एक टापटीप माणूस, एवढे पुरते. "सगळे सांगा" म्हटले तर पाळकांना काहीच आठवत नाही. "मागच्या नाताळात मंडपवाल्याला कोणी सांगितले?" असे विचारले की आठवते.

कोणकोणती रजिस्टरे ताब्यात घ्यायची?

बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), विवाह, दफन, सभासद यादी, पंचांच्या सभांचे इतिवृत्त, रोकडवही, पावतीपुस्तके (कोरी धरून) आणि आवक-जावक. प्रत्येकाचा पहिला व शेवटचा अनुक्रमांक, पाने किती आणि कोणती पाने फाटलेली आहेत, हे कागदावर उतरवून जाणारे पाळक, येणारे पाळक आणि दोन पंच यांनी सही करायची. नवे पाळक आलेच नसतील तर ते सेक्रेटरीने स्वीकारायचे.

मग प्रत्येक पानाचा फोटो काढायचा. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता. फ्लॅशने जुनी शाई चमकते आणि अक्षर जाते. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या. जुन्या नोंदी मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याकडून निदान नावे आणि तारखा बाळबोधीत उतरवून घ्याव्यात. लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये. पावसाळ्यात ओल धरते ती मागच्या बाजूने, आणि खालच्या खणातले रजिस्टर आधी जाते.

नोंदीत नाव किंवा तारीख चुकलेली आहे. पाळकसाहेबांना खरे काय ते माहीत आहे. जाण्यापूर्वी दुरुस्त करून घेऊ का?

दुरुस्ती करा, खाडाखोड नको. मूळ अक्षर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, वर योग्य शब्द, समासात कारण, तारीख आणि सही. पंचांच्या ठरावाचा क्रमांकही तिथेच. पांढरा रंग लावलेली नोंद उद्या पासपोर्ट कार्यालयात किंवा न्यायालयात गेली तर खरी असूनही खोटी ठरते.

सर्वांत जास्त घोळ दोन गोष्टींत होतो. जन्मतारखेच्या रकान्यात बाप्तिस्म्याची तारीख पडते, आणि घरातले नाव व शाळेतले नाव वेगळे असते. दीर्घकाळ राहिलेल्या पाळकाला दोन्ही नावे एकाच मुलाची आहेत हे ठाऊक असते, म्हणून ते दाखला देताना मनातच जुळवून घेतात. नव्या पाळकाला तसे करता येणार नाही, आणि त्यांनी करूही नये.

बाप्तिस्म्याचा दाखला जन्माचा दाखला म्हणून चालतो का?

नाही. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, २१ दिवसांच्या आत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सरकारी जन्मदाखलाच लागतो. बाप्तिस्म्याचा दाखला मंडळीत आणि लग्नाच्या वेळी उपयोगी पडतो. जुन्या माणसांच्या बाबतीत पूरक पुरावा म्हणून दाखवता येतो, तेवढेच.

मे महिन्यात तीन लग्ने ठरली आहेत आणि पाळकसाहेब एप्रिलअखेर निघतात. काय काळजी घ्यायची?

इथे चूक झाली तर ती नवरा-नवरीला आयुष्यभर पुरते, म्हणून थोडे सविस्तर.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. "पाळक आहेत" एवढ्यावर कुणालाही लग्न लावता येत नाही. बिशपच्या हस्ते दीक्षा मिळालेल्या पाळकाला तो अधिकार दीक्षेने मिळतो. इतर बहुतेक पाळकांना राज्य सरकारचा परवाना लागतो. परवाना माणसाच्या नावे असतो, चर्चच्या इमारतीच्या नावे नाही. जुन्या पाळकांचा परवाना फ्रेम करून वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, लावलेला असतो म्हणून नवे पाळक त्यावर लग्ने लावतात, असे घडू देऊ नका. नव्या पाळकांचा अधिकार कागदावर पाहिल्याशिवाय पत्रिका छापायला देऊ नये.

परवानाधारक पाळकाकडचा क्रम असा. वर किंवा वधू यांपैकी एकाने लेखी नोटीस द्यायची. ती चर्चमध्ये सर्वांना दिसेल अशी लावायची. नोटीस मिळाल्यापासून चार दिवस गेल्याशिवाय नोटीस दिल्याचे प्रमाणपत्र देता येत नाही. पुष्कळ मंडळ्यांत याशिवाय तीन रविवार लग्नाची घोषणा होते. ती मंडळीची शिस्त आहे, तीही पाळायची. हे प्रमाणपत्र दिल्यापासून दोन महिन्यांत लग्न झाले नाही तर ते रद्द होते आणि सगळे पुन्हा करावे लागते. लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच. पाळकाखेरीज निदान दोन साक्षीदार हवेत. रजिस्टर आणि त्याला जोडलेले लग्नाचे प्रमाणपत्र, दोन्हींवर सह्या, आणि ते प्रमाणपत्र फाडून एका महिन्याच्या आत जिल्ह्याच्या विवाह निबंधकाकडे पाठवायचे.

हे शेवटचे पाऊल सर्वांत जास्त राहून जाते. ताबा घेताना विवाह रजिस्टर उघडून पाहा. प्रमाणपत्रे अजून पानाला चिकटलेली दिसली तर ती निबंधकाकडे गेलेली नाहीत, एवढे नक्की. पाळक गावात असतानाच ती यादी करा आणि निबंधक कार्यालयात जाऊन पुढचा मार्ग विचारा. दहा वर्षांनी एखादी मुलगी परदेशी व्हिसासाठी दाखला मागायला येते तेव्हा सही करणारा माणूस सापडत नाही.

आणि तुमच्या तीन लग्नांचे? सगळ्यांत सोपे म्हणजे नोटीस घेण्यापासून लग्न लावण्यापर्यंत एकच अधिकृत पाळक असावेत. नवे पाळक वेळेत येणार नसतील तर शेजारच्या मंडळीच्या पाळकांना आत्ताच लेखी विचारून ठेवा.

कबरस्तानाचा नकाशा नाही. पाळकसाहेब बोट दाखवून सांगतात. कसा करायचा?

त्यांना घेऊन चार सकाळी कबरस्तानात जा. पावसाळ्यानंतर गवत कापून झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात. फाटकापासून ओळी धरा, ओळीला अक्षर, कबरीला क्रमांक. मोजपट्टीने प्रत्येक कबरीचे भिंतीपासूनचे अंतर घ्या, कारण झाड पडते, दगड हलतो, भिंत राहते. क्रमांक, नाव, साल, दगड आहे की नुसता उंचवटा, वारस कोण, असे पाच रकाने. ज्या कबरीवर काहीच नाही तिथे वेळ द्या. पाळकांना आठवतात त्या बहुधा याच. साथीत गेलेले लेकरू, नातलग नसलेली म्हातारी, वाटेत अपघातात गेलेला परगावचा ट्रक ड्रायव्हर. त्यांची नावे कुठेच लिहिलेली नसतात.

खड्ड्याचे मापही वहीत लिहून ठेवा: साधारण सात फूट लांब, तीन फूट रुंद, पाच ते सहा फूट खोल. खाली मुरूम लागला तर पहारीचे काम चार-पाच तासांचे असते, तेव्हा दफनाची वेळ त्यावरून द्यायची. काळ्या मातीत नवी कबर पहिल्या पावसात खचते. एक पावसाळा जाऊ दिल्याशिवाय वर सिमेंट किंवा फरशी बसवू नये, नाहीतर फरशी मधोमध तडकते. घरच्यांना वर्षश्राद्धासारखी पहिल्या वर्षदिनाची घाई असते. त्यांना हे दफनाच्याच आठवड्यात सांगितलेले बरे.

अर्पणाचे पैसे आणि बँक खाते?

खाते मंडळीच्या नावे आहे ना, हे आधी पाहा. पाळकांच्या आणि खजिनदारांच्या जोड-नावाने काढलेले जुने बचत खाते लहान गावांत अजून सापडते. त्यात लबाडी नसते, त्या काळी बँकेने तेच सुचवलेले असते. पण खातेदार गेले की पैसे वारसांकडे वळतात आणि चांगल्या माणसाच्या नावाला विनाकारण डाग लागतो. ठराव करून रक्कम मंडळीच्या खात्यात वळवा.

दारातला क्यूआर कोड आपल्या फोनवरून स्कॅन करून पाहा. नाव कुणाचे येते? पाळकांचे आले तर तो कागद आजच काढा. गेल्या काही वर्षांत घाईघाईने लावलेले बरेच कोड पाळकांच्या किंवा त्यांच्या मुलाच्या नंबरला जोडलेले असतात, आणि ते दुसऱ्या गावी गेल्यावरही रविवारचे अर्पण त्यांच्या खात्यात पडत राहते. व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन, वीजमीटरला जोडलेला मोबाइल नंबर, गॅसचे पुस्तक, हेही त्याच बैठकीत बदला.

रविवारची मोजणी उपासना संपल्याबरोबर, वेस्ट्रीत, दोघांनी. दोघे एकाच घरातले नकोत. पाळकांनी मोजणीला बसू नये. त्यात अविश्वास काही नाही, उलट त्यांचे रक्षण आहे.

पाळक विश्वस्तही आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे काही करावे लागते का?

मंडळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली असेल तर हो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट (बदलाचा अर्ज) दाखल करायचा. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज वेगळा. पूर्वीचे चेंज रिपोर्ट मंजूर झाले का तेही तपासा. शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा काढला की अनेकदा वारलेल्या विश्वस्तांचीच नावे दिसतात. मधली कडी तुटलेली असली की पुढचे प्रत्येक काम अडते.

जमीन नक्की कुणाच्या नावे आहे?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढल्याशिवाय यावर कुणीही बोलू नये. मिशनच्या काळातल्या जागा बहुधा स्थानिक मंडळीच्या नावे नसून मालमत्ता सांभाळणाऱ्या वेगळ्या ट्रस्टच्या नावे असतात. ट्रस्टची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा आणि शेती दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही लागते. "पाळकसाहेबांनी तोंडी सांगितले होते" यावर दुकानगाळा वापरणारा कुणी असेल, तर साहेब असतानाच त्याला समोर बसवून लिहून घ्या. पाळक नसलेल्या महिन्यांत कुंपण आत सरकते.

पाळकबाई जी कामे करतात ती कोण करणार?

हा प्रश्न निरोपाच्या आधी क्वचित विचारला जातो, आणि पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी त्याची आठवण होते. महिला मंडळाची हजेरी, शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या शाळेची) तयारी, बाळंतिणीची विचारपूस, पाहुण्या वक्त्याचे जेवण, वेदीवरचे कापड धुणे. यांतले काहीच पाळकांच्या नेमणूकपत्रात नसते आणि बाईंना त्याचे मानधनही नसते. नव्या पाळकबाई नोकरी करणाऱ्या असतील तर त्यांनी हे सगळे उचलावे अशी अपेक्षा धरू नये. कामे वाटून घ्यावीत.

प्रभुभोजनात भाकरीबरोबर देतात त्या द्राक्षरसाचे तेवढे लिहून ठेवा. ज्या मंडळ्यांत मनुकांचा रस वापरतात तिथे शंभर जणांसाठी, लहान पेल्यात दहा मिलिलिटर धरून, एक लिटर रस लागतो. अर्धा किलो काळ्या मनुका दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या, तळाशी वाळू बसते ती टाकायची. शनिवारी दुपारी दोन लिटर पाण्यात भिजत घालायच्या. रात्री त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळायच्या, निवल्यावर कुस्करून पातळ सुती कापडातून गाळायच्या. साधारण सव्वा लिटर निघतो. कापड जोराने पिळले तर गर उतरतो आणि रस गढूळ दिसतो. पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कळकतो. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात शनिवारी रात्रीच करावा. शुक्रवारी केलेला रविवारपर्यंत फसफसतो.

घंटेचे काही वेगळे शिकावे लागते का?

थोडेच. पहिली घंटा उपासनेआधी अर्धा तास, दुसरी सुरुवातीला, आणि मृत्यूची संथ घंटा. तिचे ठोके आणि मधले अंतर तुमच्याकडे कसे आहे ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. दोर कप्पीवरून जातो तिथेच झिजतो, तेव्हा दर नाताळाआधी वर चढून तेवढा भाग बघावा.

जुन्या भजनांच्या चाली पाळकसाहेबांनाच येतात. त्या जातील का?

जातील, जर आत्ताच धरून ठेवल्या नाहीत तर. "उपासना संगीत"मध्ये शब्द आहेत, ना. वा. टिळकांची पदे आहेत. पण एकाच पदाची राहुरीकडची चाल वेगळी आणि तुमच्याकडची वेगळी, आणि ती छापलेली नसते. कीर्तनाची परंपरा नगर भागात एकोणिसाव्या शतकापासूनची, कृष्णराव सांगळे यांचे नाव तिच्याशी जोडलेले. तिच्यातल्या पूर्वरंग-उत्तररंगाच्या मधल्या जागा तर पाठांतरावरच चालतात.

रिकाम्या चर्चमध्ये, पंखे बंद करून ध्वनिमुद्रण करा. आधी नुसत्या पेटीवर चाल, मग एक कडवे गाऊन, मग तबल्यासह. सुरुवातीला पट्टी बोलून सांगायची: काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. पुरुषांच्या पट्टीतली चाल बायकांना उंच-नीच जाते, म्हणून महिला मंडळाची पट्टी वेगळी टिपून ठेवा. पन्नास पदांना चार बैठका लागतात. नवे पाळक गिटार आणतील, तरुण संघाला ती आवडेल, त्यात भांडण्यासारखे काही नाही. चाल ध्वनिमुद्रित असली की दोन्ही राहतात.

पाळकांच्या खाजगी डायऱ्या मंडळीने मागाव्यात का?

मागू नयेत. कुणाच्या घरातले दारूचे, कर्जाचे, मोडू पाहणाऱ्या संसाराचे जे त्यांना विश्वासाने सांगितले गेले ते मंडळीच्या दप्तराचा भाग नाही. ते त्यांनी न्यावे किंवा नष्ट करावे. नव्या पाळकांना फक्त एवढी यादी द्यावी: कोण आजारी, कोण अंथरुणाला खिळलेले, कुणाच्या घरी वर्षाच्या आत मृत्यू झाला, कुणाला घरी प्रभुभोजन द्यावे लागते. कारणे नकोत, नावे आणि पत्ते पुरेत.

नवे पाळक यायला सहा महिने लागणार असतील तर?

रविवारची उपासना थांबवू नका. वचन वाचणे, प्रार्थना, उपदेश हे पंच किंवा सुवार्तिक (दीक्षा न घेतलेले प्रचारक) करू शकतात. प्रभुभोजन आणि बाप्तिस्म्यासाठी दीक्षित पाळक हवेत. शेजारच्या पाळकांकडून महिन्यातला एक ठरावीक रविवार मागून घ्या आणि त्यांचा प्रवासखर्च त्याच दिवशी पाकिटातून द्या. "नंतर बघू" म्हटले की तिसऱ्या महिन्यात ते येत नाहीत. दफन मात्र सांगून येत नाही, तेव्हा तीन पाळकांचे फोन नंबर वेस्ट्रीच्या दारावर लावलेले असावेत.

निरोपाला काय द्यावे?

मानपत्र आणि शाल असतेच. पण लहान मंडळीच्या पाळकाचे मानधन आयुष्यभर तुटपुंजे असते आणि राहायला बंगला मंडळीचा, त्यामुळे निवृत्त होताना डोक्यावर छप्पर नसते. समारंभाच्या जेवणावरचा खर्च कमी करून ती रक्कम चेकने द्या. त्यांच्या भविष्यनिधीचा किंवा थकलेल्या मानधनाचा हिशेब आधी पुरा करा. थकबाकी ही भेट नव्हे, ते त्यांचे पैसे आहेत. बंगला सोडायला निदान दोन-तीन महिने द्यावेत, लेखी. सामानाच्या यादीत मंडळीचे काय आणि त्यांचे काय ते बाईंना विचारून लिहा.

आमच्या मुलीचा बाप्तिस्मा त्यांनीच केला, लग्नही त्यांनीच लावावे असे वाटते. बोलावता येईल का?

वाटणे साहजिक आहे. पण आधी नव्या पाळकांकडे जा, आणि आमंत्रण त्यांच्याकडून जाऊ द्या. निवृत्त पाळकांनी उपदेश किंवा आशीर्वाद द्यावा, विधी आणि रजिस्टर नव्या पाळकांनी पाहावे, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी सर्वांना मानवते. निवृत्त पाळकांनीही थेट होकार देऊ नये. "आधी पाळकसाहेबांना भेटा" हे वाक्य त्यांच्या तोंडून गेले की नवा माणूस गावात पाळक होतो.

निवृत्तीनंतर ते याच गावात राहणार आहेत. अडचण येईल का?

पहिले सहा महिने ते रविवारी शेजारच्या गावी उपासनेला गेले तर बरे, आणि हे त्यांनीच आधी जाहीर करावे, म्हणजे कुणी रुसवा समजत नाही. परत आल्यावर त्यांनी वेस्ट्रीतून न येता समोरच्या दाराने यावे. बाईंशेजारी, मधल्या एखाद्या बाकावर जागा धरावी. पंचांनीही त्यांना पुढे ओढून नेऊ नये. पंचवीस वर्षे त्यांनी ही उपासना समोरून पाहिली आहे, बाकावर बसून गाण्याची त्यांची हौस राहून गेलेली असते.